पाठाची प्रस्तावना

नवा संबोध (संकल्पना) शिकवण्यापूर्वी वर्गाची जी मानसिक तयारी करून घेतली जाते, तिला पाठाची प्रस्तावना म्हणतात. पाठ टाचणातील, म्हणजे शिक्षकाच्या लेखी पाठ-आराखड्यातील, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन ही मांडणी जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीडरिक हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीपर्यंत, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांपर्यंत, मागे जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल याने १९६८ मध्ये ठामपणे मांडले, की विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, यावरच पुढचे शिकणे सर्वांत जास्त अवलंबून असते.

कोल्हापूरच्या आसपास अशा पूर्वज्ञानाला तोटा नाही. ‘बाष्पीभवन’ शिकवताना व्याख्या आधी फळ्यावर लिहिण्यापेक्षा गुऱ्हाळापासून सुरुवात करावी. काहिलीत रस रटरटतो, गुळव्या मळी काढत राहतो, रस आटत घट्ट होतो. यातले पाणी गेले कुठे? पाण्याबरोबर गोडी का गेली नाही? एवढे विचारले, की मुले आपणहून वाफेपर्यंत पोहोचतात. पारिभाषिक शब्द त्यानंतर द्यावा.

मात्र एकाच उदाहरणावर भागवणे धोक्याचे. चुलवाणावरची काहील तेवढी डोळ्यांपुढे राहिली, तर उकळल्याशिवाय पाण्याची वाफ होतच नाही, असा पक्का गैरसमज होतो आणि पुढे उत्कलन व बाष्पीभवन यांत गल्लत होते. म्हणून पंचगंगेच्या घाटावर वाळणारे धुणे लगेच शेजारी ठेवावे. तिथे जाळ नाही, उकळी नाही, तरी पाणी उडून जाते. या दोहोंत सारखे काय, वेगळे काय, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. घाई करून शिक्षकाने सांगू नये. नकारार्थी उदाहरणही हवे. पावसाळ्यात गूळ पाघळतो तो हवेतला ओलावा शोषून, म्हणजे इथे पाणी हवेतून येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर व सहकाऱ्यांच्या १९५६ मधील अभ्यासातून पुढे आलेले संकल्पना प्राप्ती प्रतिमान (उदाहरणे ताडून मुलांनी स्वतः संकल्पना ओळखण्याची अध्यापनपद्धती) अशाच होकारार्थी-नकारार्थी जोड्यांवर उभे आहे.

अपूर्णांकासारख्या अमूर्त संबोधात आधी भाकरीचे समान भाग करणे, मग आकृती, शेवटी चिन्ह हा क्रम उपयोगी पडतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. शेतकरी-कारागिरांच्या घरचे ज्ञान वर्गात येण्याची वाट त्यातून रुंदावली. त्या ज्ञानाला अध्यापनात मानाचे स्थान देण्याचे काम कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने नेटाने केले.