चालीक्रम (काळ्या बाजूचा)

बुद्धिबळात सुरुवातीची हवी ती मांडणी गाठताना कोणती चाल आधी आणि कोणती मागून खेळायची, याची निवड म्हणजे चालीक्रम. इंदूरचे खेळाडू सरळ ‘मूव्ह ऑर्डर’ म्हणतात. तिथल्या मराठी घरांत पटाची भाषा मिसळीचीच : घोडा, उंट, वजीर हिंदी-मराठीत सारखेच, पण शिकवणीतले ‘कॅसलिंग’ (राजा-हत्तीची एकत्र चाल) आजोबांकडे आले की ‘किल्लेकोट’ होते.

पहिली चाल पांढऱ्याची असल्याने हा प्रश्न काळ्याला अधिक छळतो. त्याला स्वतःची मांडणी तर हवीच, शिवाय पांढऱ्याच्या नको त्या वाटाही बुजवायच्या असतात. फुकट काहीच मिळत नाही.

सिसिलियन बचावातले शेवेनिंगेन, म्हणजे काळी प्यादी डी६ आणि ई६वर असलेली मांडणी, हे याचे उत्तम उदाहरण. (नुसते घर लिहिले की प्याद्याची चाल, × म्हणजे मारणे, ‘५...’ म्हणजे काळ्याची पाचवी चाल.) १. ई४ सी५ २. घोडा एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घोडा×डी४ घोडा एफ६ ५. घोडा सी३ यानंतर काळ्याने लगेच ५... ई६ केले, तर ६. जी४ हा एफ६च्या घोड्याला हुसकावू पाहणारा केरेस हल्ला अंगावर येतो. ई६वरच्या प्याद्याने सी८च्या उंटाची वाट अडवलेली असते. म्हणून ५... ए६ आधी. आता जी४वर उंट आणि घोडा दोघांचाही डोळा आहे, ६. जी४ केले तर प्यादे जाते. कास्पारोव्हने १९८४ साली जगज्जेत्या कार्पोव्हविरुद्धच्या लढतीत पहिल्याच डावात केरेस हल्ला सोसला होता. ९ नोव्हेंबर १९८५ रोजी मॉस्कोत, त्यांच्या पुढच्या लढतीच्या चोविसाव्या डावात, तो ५... ए६ ६. उंट ई२ ई६ अशा वळणाने शेवेनिंगेनमध्ये शिरला, डाव जिंकला आणि जगज्जेता झाला. या वळणाची किंमत म्हणजे ६. उंट जी५ आणि ६. उंट सी४ यांची वेगळी तयारी. ती थोडीथोडकी नाही.

डच बचावातही असेच. १. डी४ एफ५ला २. ई४ हा स्टाँटन गँबिट (प्यादे देऊन केलेला हल्ला) नको असेल, तर १... ई६ खेळून एफ५ मागून करता येते. पांढऱ्याने २. ई४ केले की मात्र फ्रेंच बचाव हा निराळाच बचाव पदरी पडतो. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मुलाला फ्रेंच येतच असेल, तर त्याला हा क्रम स्वस्तात पडला. न येणाऱ्याने तो केवळ पुस्तकात छापलाय म्हणून घेऊ नये.

देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही बहुधा एकच घर सरके, त्यामुळे उंट बाजूने काढायची सवय जुनीच. कलकत्त्यात १८५५ साली महेशचंद्र बॅनर्जींनी जॉन कॉक्रनविरुद्ध १. डी४ घोडा एफ६ २. सी४ जी६ ३. घोडा सी३ डी५ खेळले. या बचावाला ग्रुनफेल्डचे नाव पडले ते त्याने १९२२मध्ये तो खेळल्यावर.

पांढराही क्रम बदलतोच. निम्झो-इंडियनसाठी (उंट बी४ने सी३चा घोडा जखडणारा बचाव) काळ्याने १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई६ केले, की ३. घोडा एफ३ येते. सी३वर घोडाच नसतो. अशा वेळी ३... बी६, ३... डी५ किंवा उंट बी४ने शह, यांपैकी एक तरी तयार लागते.