लेग की सेट? डार्ट्सच्या पैजेत दोघंही जिंकले तेव्हा

गेल्या डिसेंबरात आमच्या मालवणच्या पडवीत रात्री साडेबारापासून भांडण सुरू होतं. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधली डार्ट्सची जागतिक स्पर्धा, पहिली फेरी. चुलतभाऊ बोटीवर असतो, हे वेड त्यानेच मेसमधून घरी आणलेलं. पैज काकांशी, हरेल त्याने सकाळी बांगडे आणायचे. भावाचा खेळाडू ३-२ ने जिंकला. पण काका ऐकेनात. "अरे पण लेग कोणाचे जास्ती, ता सांग मरे!"

काकांचा हिशेब खोटा नव्हता.

लेग म्हणजे एक डाव. बाणांचे गुण वजा करत ५०१ वरून उतरत बरोबर शून्यावर यायचं, शेवटचा बाण डबलमध्ये (कडेच्या अरुंद कड्यात) किंवा बुलमध्ये (अगदी मधल्या ठिपक्यात). अशा लेगांचा सेट बनतो. या स्पर्धेत तीन लेग आधी घेईल त्याचा सेट. त्या रात्री सेट असे गेले: ३-२, ०-३, ३-२, ०-३, ३-२. सेट तीन विरुद्ध दोन, पण लेग नऊ विरुद्ध बारा! हरणाऱ्याने तीन लेग जास्त मारले होते.

कॅरमवाल्यांना हे नवीन नाही. ४-२५, २५-२०, २५-२२ असे गेम गेले तर एकूण गुण ५४ आणि ६७, तरी मॅच ५४ वाल्याचीच. सेट संपला की मागचं सगळं पुसलं जातं. ०-३ ने धुलाई झाली काय आणि २-३ ने निसटला काय, गेला एकच सेट.

म्हणून सट्टेवाल्यांकडे 'सामना कोण जिंकेल' आणि 'लेगांचा हँडिकॅप' (एकाला काही लेग आधीच वाढवून धरून लेगांवर लावलेली पैज) हे दोन वेगळे भाव असतात. नवखा माणूस दोन्ही एकच समजतो आणि मग बुकीला शिव्या घालतो. (आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळायला बंदीच आहे. बांगड्यांबद्दल त्यात काही नसावं.)

जुलैत ब्लॅकपूलला होणाऱ्या वर्ल्ड मॅचप्ले या डार्ट्सच्याच दुसऱ्या स्पर्धेत हा घोळच नाही. तिथे सेट नाहीत, नुसते लेग. २०२५ ची फायनल ल्यूक लिटलरने जेम्स वेडविरुद्ध १८-१३ ने घेतली, आणि तो आकडा थेट लेगांचा. त्याच वर्षी जानेवारीत जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यानेच व्हॅन गर्वेनला ७-३ ने हरवलं, ते मात्र सेट. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'जानेवारीची मॅच लवकर आटपली' म्हणणारे मी पाहिलेत. दहा सेट म्हणजे कमीत कमी तीस लेग, बाबांनो.

मला विचाराल तर पैजेला लेगांचाच सामना बरा. सेटांत मधेच थोडा वेळ झोपलेला खेळाडूही फार तर एक-दोन सेट घालवतो आणि परत उभा राहतो. नुसत्या लेगांच्या सामन्यात तेवढ्यात पाच-सहा लेगांची पिछाडी होते, आणि ती शेवटपर्यंत फळ्यावर दिसत राहते.

बांगडे शेवटी काकांनीच आणले. पण साफ करायला भावाला बसवलं, नऊच्या नऊ.