कुंडी ओली, झाड तहानलेलं

“अगं, रोज न चुकता पाणी घालते, तरी वाळतच चाललंय. आता दोन वेळा घालू का?” ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्यांचं सायप्रसचं बोनसाय माझ्यासमोर ठेवलं. ट्रे जेमतेम पाच सेंटिमीटर खोल. शेंडा आणि डावीकडची फांदी तपकिरी, बोट लावलं की कुरकुरणारी. मातीत बोट खुपसलं, तर ती गच्च ओली आणि थंडगार. पुण्यात पावसाळा सरला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी हमखास विचारतं, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा झारी असते.

सायप्रस, मोरपंखी, ज्युनिपर ही एकाच कुळातली झाडं. त्यांची पानं खवल्यांसारखी, वर मेणाचा थर, पाणी फार जपून वापरणारी. त्यामुळे मेल्यावरही ती बराच काळ हिरवी दिसतात. पुष्पगुच्छातला गुलाब चार दिवसांत मान टाकतो, पण त्याच्यामागे खोचलेली मोरपंखीची तोडलेली फांदी कितीतरी दिवस टवटवीत असते. म्हणून सायप्रस तपकिरी दिसायला लागतो, तेव्हा खरा बिघाड काही आठवड्यांपूर्वीच होऊन गेलेला असतो. काकूंना मी विचारलं ते जुलै-ऑगस्टबद्दल. झाड उघड्या बाल्कनीत होतं, रिमझिम चालू होती, आणि तरीही पाणी घालण्याचा नेम मोडलेला नव्हता.

सगळाच तपकिरी रंग वाईट नसतो. खोडाजवळची, सावलीत गेलेली जुनी पालवी झाड स्वतःच टाकून देतं. उन्हाळ्यात पालवीवर बारीक फिकट ठिपके येऊन ती राखाडी-तपकिरी झाली, तर पांढऱ्या कागदावर फांदी झटकून बघा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी, म्हणजे पालवीचा रस शोषणारी बारीक कीड. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पालवी खालून-वरून धुतली की त्याचा जोर बराच ओसरतो. पण शेंड्याकडून सुरू झालेला तपकिरीपणा आणि खाली ओली माती ही जोडी दिसली, की संशय मुळांवर.

आता स्वयंपाकघरातला आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि जाळीवर आडवा ठेवा. ठिबकणं थांबेल. मग न पिळता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, पाणी तेच, बदलली फक्त उंची. बोनसायचं अर्धं शास्त्र मला या प्रयोगात दिसतं.

शाळेत आपण केशाकर्षण शिकलो. बारीक नळीत पृष्ठताण पाण्याला वर धरतो, वजन त्याला खाली ओढतं, आणि दोन्ही जिथे बरोबरीत येतात तेवढी उंची पाणी टिकतं. १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत ही उंची साधारण ३ सेंटिमीटर भरते, ०.३ मिलिमीटरच्या नळीत जवळपास १०. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्यांचं जाळं. पाणी घालून जास्तीचं निथळून गेलं, तरी तळाशी एक थर पूर्ण भरलेला राहतो. त्याची उंची ठरते पोकळीच्या व्यासावर, कुंडीच्या खोलीचा त्या हिशेबात संबंधच नाही. समजा, मातीत तो थर १० सेंटिमीटरचा आहे. ३० सेंटिमीटरच्या कुंडीत वरची २० सेंटिमीटर माती हवेशीर राहते. तीच माती पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये घातली, तर तळापासून वरपर्यंत सगळा चिखल. तळाला भोकं असूनही!

आपल्याकडे निचऱ्यासाठी तळाला खापऱ्या किंवा खडी घालायची पद्धत आहे. भोकावर एक खापरी, माती वाहून जाऊ नये म्हणून, ठीक आहे. पण खडीचा अख्खा थर उलटंच काम करतो. बारीक पोकळीतलं पाणी मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, सीमेवरच अडतं. ओला थर तेवढाच राहतो, फक्त खडीच्या उंचीइतका वर सरकतो.

मुळं श्वसन करतात आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे १० हजार पट हळू पसरतो. भरलेल्या पोकळ्यांत तो लवकर संपतो. ऊर्जा कमी पडते, पेशीरस आम्लधर्मी होतो आणि पेशीपटलातली अ‍ॅक्वापोरिन ही प्रथिनं, म्हणजे पाण्याची दारं, मिटतात. भोवती पाणीच पाणी, आणि झाड तहानलेलं. याच वेळी मुळं कुजवणारा फायटोप्थोरा नावाचा सूक्ष्मजीव शिरतो. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या गटातला नाही. त्याच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांच्या असतात आणि त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहतात. १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा उद्ध्वस्त करणारा याच वंशातला. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखं नेहमीचं बुरशीनाशक त्याच्यावर चालत नाही.

पावसाळ्यात हवा दमट, ढगाळ. पालवीतून बाष्प कमी जातं, म्हणून अर्ध्या मुळांवरही झाडाचं भागतं. मग ऑक्टोबर हीट येते, पाण्याची मागणी एकदम वाढते आणि पुरवायला मुळं उरलेली नसतात.

काकूंच्या जाऊबाईंनी सांगितलं होतं की घरात बोनसाय असलं की घराची भरभराट खुंटते, झाड वाळतंय तो इशारा आहे. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटतं. खुंटवलेल्या झाडाची खुंटलेल्या नशिबाशी घातलेली ही सांगड निव्वळ शब्दांची आहे, आणि तिच्यापायी वाचवता येणारं झाड कचऱ्यात जातं. ‘सर्व रोगांवर एकच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टॉनिकच्या बाटल्यांनीही काही होत नाही. गुदमरलेल्या मुळांना खत म्हणजे आणखी भार.

आम्ही झाड ट्रेमधून काढलं. आंबूस वास आला. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा उरला. एका बाजूला मात्र पांढरी टोकं असलेली मुळं होती. कुजकी सगळी कापली. जुनी चिकट लाल माती निघेल तेवढी काडीने मोकळी केली. विटांचे ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे चाळणीने चाळून, धूळ टाकून, त्यात थोडंच शेणखत मिसळलं. झाड हलू नये म्हणून तारेने ट्रेला बांधलं. सकाळचं कोवळं ऊन मिळेल, दुपारचं लागणार नाही अशी जागा. पाणी घालायचं ते बोट घालून बघूनच. खत नवी पालवी दिसेपर्यंत नाही. आणि ट्रेच्या एका कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवून तो तिरका केला. स्पंज उभा केल्यावर गळाला, तसा भोकातून लगेच एक ओहळ आला. पुढच्या पावसाळ्यात ज्यांना कुंडी बदलता येणार नाही, त्यांनी निदान एवढं जरूर करावं.

खोडावर नखाने खरवडलं, खाली ओलसर हिरवं होतं. डावीकडच्या फांदीवर तेच केलं, तर कोरडं, तपकिरी. सायप्रसच्या हिरवं न उरलेल्या जुन्या लाकडावर सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. काकू ती कापायला तयार होईनात. जपानी बोनसायमध्ये अशा मेलेल्या फांदीची साल सोलून पांढरं लाकूड तसंच ठेवतात, त्याला ‘जिन’ म्हणतात, असं सांगितल्यावर त्या आत जाऊन सुरी घेऊन आल्या. झाड सावरलं की मगच सोलायची, असं ठरवून ती सुरी सध्या ट्रेशेजारी ठेवली आहे.