दोनदा येणारा एकच सेकंद

१ जानेवारी २०१७, रविवार. नाशिकमध्ये सूर्य उगवायला दीड तासाहून जास्त अवकाश होता. त्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद झाले, पण त्यानंतर लगेच साडेपाच (म्हणजे जागतिक वेळेची मध्यरात्र) वाजले नाहीत. मध्ये आणखी एक सेकंद घातला गेला: ५:२९:६०. हाच लीप सेकंद. १९७२ पासून असे २७ झाले आणि हा आजवरचा शेवटचा.

अणुघड्याळं वेळ काटेकोर मोजतात, पृथ्वी तितकी नेमाने फिरत नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने ती शतकानुशतकं मंदावते आहे, तर पोटातल्या उलथापालथीने कधी मध्येच वेग घेते. जागतिक वेळ आणि पृथ्वीचं फिरणं यांतला फरक ०.९ सेकंदाच्या आत ठेवायचा, असा नियम आहे. फरक वाढला की पॅरिसची एक आंतरराष्ट्रीय संस्था साधारण सहा महिने आधी लीप सेकंद जाहीर करते. आपला अधिक मास गणिताने शेकडो वर्षं आधी काढून ठेवता येतो. लीप सेकंदाचं तसं नाही, त्यामुळे त्याची यादी कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून भरून ठेवता येत नाही.

त्यात लिनक्ससारख्या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा हिशेब असा: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायचे आणि प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरायचा. ८६,४०१ व्या सेकंदाला तिथे जागाच नाही. मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, काय करतो? वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरकडून त्याला 'आज लीप सेकंद आहे' अशी खूण आधीच आलेली असते. ठरल्या क्षणी तो घड्याळ एक सेकंद मागे घेतो. त्या पहाटे १४८३२२८७९९ हा आकडा असा दोनदा येऊन गेला. पहिल्या फेरीच्या शेवटी एखाद्याने खात्यात पैसे भरले आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला काढले, तर नोंदीत काढणं आधी आणि भरणं नंतर दिसणार!

१ जुलै २०१२ च्या पहाटे तर याहून वाईट घडलं. लिनक्सचं मुख्य घड्याळ एक सेकंद मागे गेलं, पण ते बदलल्याचा निरोप आतल्या टायमरच्या यंत्रणेला मिळालाच नाही. ती एक सेकंद पुढेच राहिली. त्यामुळे 'अर्धा सेकंद थांब' म्हटलेला प्रोग्राम क्षणभरही थांबेना. जागा होई, पुन्हा थांबायला जाई, पुन्हा जागा होई. जगभरात कितीतरी सर्व्हरचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसले. उपाय एका ओळीचा निघाला: 'डेट' कमांडने आहे तीच वेळ पुन्हा सेट करायची. त्या निमित्ताने टायमरना नवी वेळ कळे आणि यंत्र शांत होई.

विंडोजने २०१८ पासून ६० वा सेकंद ओळखायला सुरुवात केली. गूगलची वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. ते तो सेकंद २४ तासांवर पसरवतात, आपल्या संध्याकाळी साडेपाचपासून दुसऱ्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत. प्रत्येक सेकंद सुमारे ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबतो, घड्याळ मागे कधीच जात नाही. अट एकच: एकत्र काम करणाऱ्या सगळ्या यंत्रांनी हीच पद्धत पाळायला हवी.

पण मुळात हा खटाटोप हवाच कशाला? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास. अंशामागे ४ मिनिटं धरली, तर गोदाघाटावर सूर्य माथ्यावर येतो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. ही ३५ मिनिटं आपण पिढ्यानपिढ्या विनातक्रार चालवून घेतली आहेत. म्हणून ०.९ सेकंदाची मर्यादा उशिरात उशिरा २०३५ मध्ये सैल करण्याचा वजन-मापांच्या जागतिक परिषदेचा नोव्हेंबर २०२२ मधला ठराव मला मनापासून पटतो.

घाई करण्याचं कारणही आहे. २९ जून २०२२ चा दिवस २४ तासांपेक्षा १.५९ मिलिसेकंदांनी लहान भरला. पृथ्वी अशीच झपाझप फिरत राहिली, तर एक सेकंद वगळावा लागेल, म्हणजे ५:२९:५८ नंतर थेट ५:३०:००. असा ऋण लीप सेकंद आजवर एकदाही आलेला नाही. त्यासाठी लिहिलेला कोड चाचण्यांपलीकडे, प्रत्यक्षात कधीच वापरला गेलेला नाही.