नाच बसवणाऱ्याचं नाव

मराठीत नाटक बसवतात, चाल बसवतात आणि नाचही बसवतात. ‘कोरिओग्राफी’ हा शब्द टीव्हीनं घरोघरी पोचवला, त्याच्या कितीतरी आधीपासून धुळे-जळगावच्या शाळांत गॅदरिंगला महिना उरला की विचारणा सुरू व्हायची, “यंदा पाचवीचा डान्स कोण बसवतंय?” बसवणाऱ्या बाई पडद्याआड उभ्या राहून हातवारे करायच्या, पोरं त्यांच्याकडे बघत अर्ध्या मात्रेनं मागे नाचायची. माइकवरून नाव पुकारलं जायचं ते गाण्याचं. बाईंचं नाव घ्यायचं कुणाला सुचतच नसे.

ही सवय जुनी आहे. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपली किंवा गुरूची नाममुद्रा घालतो. राम जोशी, होनाजी बाळा ही नावं दोनशे वर्षं टिकली त्यात या मुद्रेचाही वाटा आहे. पण त्याच लावणीवर पाऊल कसं टाकायचं, धुमाळीच्या आठ मात्रांत गिरकी कुठे संपवायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांना मुद्रा घालायला जागाच नव्हती. खानदेशातल्या यात्रांमध्ये तमाशाचा तंबू लागे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग रात्रभर वग. गौळणीत पेंद्या आणि मावशी एकमेकांची पावलं अचूक उचलत. बघणारे मावशीला दाद देत, ढोलकीवाल्याला शिट्टी देत. नाच ज्यानं रचला त्याच्यापर्यंत काहीच पोचत नसे.

सिनेमातही फार वेगळं नव्हतं. ‘तेजाब’मधलं ‘एक दो तीन’ गाजलं आणि १९८९ साली फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला. पहिला मान सरोज खान यांचा. पुरस्कार सोहळा चालू होऊन तोवर तीन दशकांहून जास्त काळ लोटला होता.

टीव्हीवर १९९६ साली सोनीवर ‘बूगी वूगी’ आलं. जावेद जाफरी, नावेद जाफरी आणि रवी बहल यांचा हा कार्यक्रम बघून आमच्याकडे क्लासेस निघाले. कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात टेपरेकॉर्डर. पण तिथला नाच मुख्यतः एकट्याचा किंवा ग्रुपचा होता. जोडी आली ती पुढच्या दहा वर्षांत, आणि थोडी लांबून आली.

२००४ मध्ये बीबीसीनं ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ सुरू केलं. त्याच वाहिनीवर अनेक दशकं चाललेल्या बॉलरूम स्पर्धेचं हे नवं रूप. कल्पना साधी होती: प्रसिद्ध व्यक्ती आणि व्यावसायिक नर्तक यांची जोडी, परीक्षकांचे गुण आणि प्रेक्षकांची मतं. सोनीनं हाच साचा घेऊन २००६ मध्ये ‘झलक दिखला जा’ आणलं. त्याच्या वर्षभर आधी स्टार वनवर ‘नच बलिये’ सुरू झालं होतं, आणि पहिल्याच पर्वात सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर जिंकले. मराठी घरांनी हा विजय आपल्या घरचं लग्न असल्यासारखा साजरा केला. पुढे २०१५ मध्ये सातव्या पर्वात अमृता खानविलकर आणि हिमांशू मल्होत्रा जिंकले, तेव्हाही मराठी घरांत कौतुक झालंच, पण पहिल्याची गोष्ट निराळी. भारनियमनाचे दिवस होते. एपिसोड अर्ध्यावर आला की वीज जायची आणि निकाल दुसऱ्या दिवशी शहरातल्या नातेवाइकाला फोन करून विचारावा लागायचा.

हे दोन कार्यक्रम वरवर सारखे दिसतात, पण बसवणाऱ्याच्या दृष्टीनं त्यांच्यात मोठा फरक आहे. ‘नच बलिये’त जोडी खऱ्याखुऱ्या आयुष्यातली, आणि नाच बसवणारा पुन्हा पडद्यामागेच. ‘झलक’मध्ये मात्र तोच कलाकाराचा हात धरून मंचावर आला. स्वतः रचायचं, नवख्याला शिकवायचं, वर त्याच्याबरोबर असं नाचायचं की लोकांची नजर त्या नवख्यावरच राहावी. आपलं कौशल्य झाकून समोरच्याला उजळ करणं ही या नाचातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि गुणांच्या पाटीवर तिला रकाना नव्हता.

जोडीचा नाच बघायला आम्हाला टीव्हीनं शिकवलं असं म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. भुसावळला १८६०च्या दशकात रेल्वे आली, मागोमाग वसाहत आली. अशा रेल्वे वसाहतींच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, अँग्लो-इंडियन कुटुंबं वॉल्ट्झच्या तीन ठोक्यांवर नाचायची. तो नाच कंपाउंडच्या आतला, गावाचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे खरं. पण कंपाउंडच्या बाहेर फुगडी होतीच की.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन नदीकडे नेताना बाया रस्त्यात थांबून थांबून फुगड्या घालतात. ती फुगडी जवळून बघा. हात एकमेकींत अडकवलेले, पावलं मध्यभागी अगदी जवळ आणि दोघींची अंगं मागं झोकलेली. आपला सगळा भार समोरचीच्या हातांवर सोडल्याशिवाय वेग येत नाही. एक जड आणि एक हलकी असेल तर जड बाई थोडी कमी झुकते. ते तिला कुणी सांगत नाही, हात सांगतात. एकीनं धास्तीनं अंग आखडलं की फुगडी मोडते. आजचे नृत्यदिग्दर्शक कंटेम्पररी नाचात याला काउंटरबॅलन्स म्हणतात आणि तो बसवायला तासन् तास तालीम घेतात.

म्हणून असेल, माझी मोठी माय ‘नच बलिये’ बघायची तेव्हा तिची नजर आमच्यापेक्षा वेगळीकडे असायची. पुरुषानं बाईला डोक्यावर उचललं की आम्ही टाळ्या पिटायचो. ती म्हणायची, “तिनाकडे देख. तो नुस्ता उचलस, उडी तं तिनी मारी.” तिचं अगदी बरोबर होतं. लिफ्टमध्ये वर जाणाऱ्यानं आधी गुडघ्यात वाकून उडी घ्यावी लागते. उचलणारा त्याच क्षणी तो वेग हातात घेतो. ठोका चुकला तर पन्नास किलोचं माणूस शंभराचं होतं. वर गेल्यावर पोट-पाठ ताठ धरली नाही तर खालच्याचे हात थरथरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं तोच कमजोर आहे. उतरताना तर दोघांची परीक्षा, कारण तिथे गाणं पुढे सरकलेलं असतं आणि पाय जमिनीला लागतो तो नेमक्या समेवर लागायला हवा.

२००९ साली झी टीव्हीवर ‘डान्स इंडिया डान्स’ आलं. टेरेन्स लुईस, रेमो डिसूझा आणि गीता कपूर हे तिघं नृत्यदिग्दर्शक तिथे मास्टर म्हणून दर आठवड्याला दिसू लागले. झी मराठीवर ‘एकापेक्षा एक’मध्ये सचिन ‘महागुरू’ झाले. ही पदवी इतकी रुजली की आमच्याकडे क्रिकेटमध्ये सल्ले देणाऱ्यालाही महागुरू म्हणू लागले. मग २०१६ मध्ये ‘सुपर डान्सर’नं प्रत्येक मुलाला एक ‘सुपर गुरू’ दिला, आणि २०२० मध्ये ‘इंडियाज बेस्ट डान्सर’नं स्पर्धकाइतकंच त्याच्या नृत्यदिग्दर्शकालाही पुढे उभं केलं. पहिल्या पर्वात टायगर पॉप जिंकला तेव्हा शेजारी वर्तिका झा होती, आणि लोकांनी दोन्ही नावं लक्षात ठेवली. शाहिराच्या मुद्रेसारखी नाचालाही मुद्रा मिळाली ती इथे.

तक्रार एकच. नाच ऐन रंगात आला की कॅमेरा परीक्षकाच्या उघड्या तोंडावर जातो आणि पाय निसटतात. तमाशात पाय बघायला पुढची जागा धरता यायची. इथे जागा कॅमेऱ्याची.

खानदेशातल्या लग्नांत आता हळदीच्या रात्री नवरा-नवरीचा नाच असतो आणि तो बसवायला क्लासचा सर ठरवलेला असतो. डीजेवर अहिराणी गाणं, सराचं मात्र “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट”. मागच्या वर्षी आमच्याच घरी तालीम चालली होती. सर नवरीला समजावत होता, “मॅडम, मागे झुका, वजन सोडा त्यांच्यावर.” ती काही सोडेना. पाचव्यांदा गाणं थांबलं तेव्हा मोठी माय ओट्यावरून उठली, पदर कमरेला खोचला, नवरीचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “फुगडी खेयनी का कधी?”