बालरॉगचे पंख

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांच्या मिडल-अर्थ ह्या कल्पित जगातल्या बालरॉग ह्या अग्निपिशाच्चांना पंख होते की नव्हते, ह्यावर चाहत्यांमध्ये कित्येक दशकं चाललेला वाद.

वादाचं मूळ ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागात (१९५४), खझाद-दूमच्या पुलाच्या प्रकरणात आहे. मोरियाच्या (खझाद-दूमचंच दुसरं नाव) खाणीत अरुंद पुलावर जादूगार गँडाल्फ उभा, समोर बालरॉग, आणि त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली असं लिहिलंय. थोड्याच ओळींनंतर तो एकदम उंच होतो आणि त्याचे पंख ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतात, इथे मात्र ‘सारखे’ गायब. अख्खा वाद ह्या गायब झालेल्या एका शब्दावर उभा आहे. शाळेत अलंकार शिकलेल्याला पेच लगेच कळेल: पहिल्या वाक्यात सावली उपमेय, पंख उपमान, सरळ उपमा. दुसऱ्यात उपमेय गिळलं गेलं आणि नुसतं उपमान उरलं, संस्कृत साहित्यशास्त्रात ह्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात, म्हणजे आधी उपमा बांधून घेतली की पुढे ‘पंख’ म्हटलं तरी वाचणाऱ्याने सावलीच समजायची. पंखवाल्यांचं म्हणणं उलटं, की आधी अंधारात नीट दिसत नव्हतं म्हणून ‘सारखे’, जवळ आल्यावर खरे पंख दिसले. दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात, पण पहिलं जास्त सरळ वाटतं.

नावावरून काही सुटत नाही. टॉल्किननी एल्फ लोकांसाठी दोन भाषा रचल्या, सिंडारिन आणि क्वेन्या; ‘बालरॉग’ हे सिंडारिन रूप, क्वेन्यात वालाराउको, आणि त्यांच्याच ‘द सिल्मरिलियन’च्या (१९७७) सूचीत अर्थ दिलाय बलाढ्य राक्षस. पण साधारण १९३७-३८च्या सुमाराच्या धातुकोशात टॉल्किननी हाच शब्द यातना देणे ह्या अर्थाच्या धातूखाली टाकला होता. म्हणजे शब्द तोच ठेवून त्याची व्युत्पत्ती मागाहून बदलत राहायची, ही त्यांची नेहमीची पद्धत. दोन्हीपैकी कुठल्याच अर्थात उडण्याचा संबंध नाही.

संख्येचंही तसंच. सुरुवातीच्या, गोंडोलिन ह्या एल्फ-नगरीच्या कथेत बालरॉग शेकड्यांनी आहेत, नंतरच्या एका टिपणात (छापून आलं १९९३मध्ये) तीन किंवा फार तर सात. ही टीप महत्त्वाची, कारण बालरॉग म्हणजे सैन्यातले शिपाई नव्हेत हे त्यातून दिसतं. ते मेल्कोर ह्या मूळ खलनायकाच्या नादी लागलेले मायार, म्हणजे मूळचे आत्मे, आणि आत्म्याने धारण केलेल्या देहाला ठरावीक हाडं-पिसं असायलाच हवीत असं कुठेय?

उडण्याचा मुद्दा वेगळा धरावा, लोक हमखास गल्लत करतात. ‘सिल्मरिलियन’च्या एका मसुद्यात बालरॉग हिथलुम ह्या प्रदेशावरून पंखांच्या वेगाने गेले असं एक वाक्य आहे (छापील ‘सिल्मरिलियन’मध्ये पंखांचा उल्लेख नाही), पण जोरात धावणाऱ्यालाही आपण पंख फुटले म्हणतोच ना. उलट बाजूने, मोरियाचा बालरॉग पूल तुटल्यावर दरीत कोसळतो आणि पुढे केलेब्दिलच्या शिखरावरूनही पडून मरतो, ग्लॉरफिंडेल ह्या एल्फ योद्ध्याशी लढणारा बालरॉगसुद्धा कड्यावरून खालीच जातो. पंख असूनही उडता येत नसेल ही शक्यता उरते, पण पुरावा म्हणून पडझडीचं वजन जास्त आहे.

चित्रपटांनी मात्र पंख दिले, १९७८च्या ॲनिमेशनपटानेही आणि २००१च्या पीटर जॅक्सनच्या चित्रपटानेही.

एक जागा फारशी चर्चेत येत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्येच अँडुइन ह्या मोठ्या नदीवर रात्री गँडाल्फचा एल्फ साथीदार लेगोलस आकाशातल्या एका काळ्या पंखवाल्या प्राण्याला बाण मारून पाडतो, त्यानंतर त्याचा खुजा सोबती गिमली म्हणतो की ते बघून मोरियाची आठवण झाली. पंखवाले हे आपल्या बाजूचं मानतात. पण गिमलीला आठवते ती बालरॉगची सावली, शब्द तोच आहे, आणि तो त्या पुलाजवळ स्वतः हजर होता.