पेरूच्या पानांचा काढा माउथवॉशची जागा घेईल का? हे तपासायचं कसं

कोल्हापूर परिसरातल्या शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग बऱ्याचदा मांडलेला असतो. पेट्री डिशमध्ये जिवाणू वाढवलेले, मधल्या भोकात पेरूच्या पानांचा, कडुनिंबाचा किंवा त्रिफळ्याचा अर्क आणि भोकाभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. खाली निष्कर्ष: रासायनिक माउथवॉशला नैसर्गिक पर्याय सापडला. वर्तुळ खरंच असतं, पण निष्कर्ष तेवढ्यावर उभा राहत नाही. तो उभा राहावा म्हणून आणखी काय करावं लागतं, ते इथे सांगतो. मेहनत घेणाऱ्या मुलांचा प्रयोग अर्ध्यावर सुटू नये, एवढीच इच्छा.

आधी ज्याच्याशी तुलना करायची ते औषध समजून घेऊ. दंतवैद्य ज्याला कसोटी मानतात ते क्लोरहेक्सिडीन, बहुधा ०.२ टक्के. १० मिली घेऊन अर्धा ते एक मिनिट खळखळून थुंकायचं, दिवसातून दोनदा. त्याचं खरं बळ जंतू मारण्यापेक्षा चिकटून राहण्यात आहे. त्याच्या रेणूंवर धन भार असतो. त्यामुळे ते दात, हिरड्या आणि गालाच्या आतल्या अस्तराला धरून बसतं आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. तोटेही ठरलेले आहेत: दातांवर तपकिरी डाग, चव बदलणं, कीटण वाढणं. म्हणून ते महिनोन्महिने वापरत नाहीत. पर्याय शोधण्याची गरज आहे ती इथे.

डिशमध्ये मात्र अर्क जिवाणूंजवळ चोवीस तास बसून असतो. तोंडात त्याला अर्धा मिनिट मिळतो, मग लाळ त्याला धुऊन नेते. शिवाय दातांवरचे जिवाणू सुटे नसतात. ते स्वतःच बनवलेल्या चिकट थरात राहतात आणि सुट्या जिवाणूंना मारणारी मात्रा या थरातल्यांना सहसा पुरत नाही.

आता अर्क. 'मूठभर पानं, दोन पेले पाणी' अशा मापाचा काढा दुसऱ्या कुणाला पुन्हा करता येत नाही. पानं सावलीत वाळवा म्हणतात, पण कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये सावलीत पानं वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते आणि मग अर्कात बुरशीची रसायनंही उतरतात. पावसाळ्यात ओव्हनमध्ये ४० ते ४५ अंश सेल्सिअसला वाळवावीत. १० ग्रॅम पूड १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं उकळा. आधी फडक्यातून, मग गाळण कागदातून गाळा. उडालेलं पाणी भरून काढून पुन्हा १०० मिली करा. त्यातले १० मिली आधी वजन केलेल्या बशीत १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. बशीत ०.२ ग्रॅम उरलं तर काढ्यात दर मिलीला २० मिलिग्रॅम घन पदार्थ आहे. हा आकडा लिहिला की प्रयोग मोजमापाचा झाला.

लगेच पीएच कागद (द्रव किती आंबट ते रंगावरून दाखवणारा) बुडवून बघा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. आवळ्यामुळे त्रिफळ्याचा काढा आंबट असतो, आणि आम्ल स्वतःच जिवाणूंना रोखतं. तुमचं वर्तुळ त्रिफळ्यातल्या हिरडा या फळातल्या टॅनिनचं (तुरट पदार्थाचं) की नुसत्या आंबटपणाचं? हे कळायला एका भोकात सायट्रिक आम्लाने तेवढ्याच पीएचला आणलेलं पाणी घालायचं. याला दुसरंही कारण आहे. पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातले क्षार विरघळू लागतात. रोज दोनदा आंबट चूळ भरणं हा दाताला उपाय नव्हे. लिंबू किंवा व्हिनेगरच्या गुळण्यांचे सल्ले म्हणूनच धोक्याचे.

अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर नुसत्या अल्कोहोलचंही एक भोक हवं. शिवाय एक निर्जंतुक पाण्याचं आणि एक क्लोरहेक्सिडीनचं. ९० मिमीच्या डिशमध्ये २५ मिली आगर (ज्यावर जिवाणू वाढतात ती जेली) ओतलं की थर सुमारे ४ मिमीचा होतो. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला तर वर्तुळं खोटं बोलतात. भोक ६ मिमीचं आणि प्रत्येकात अर्क सारखाच. प्रत्येक चाचणी तीन डिशमध्ये करा. दोन वेगळ्या वनस्पतींची वर्तुळं शेजारी ठेवून 'मोठं ते जोरदार' म्हणू नका. लहान रेणू आगरमध्ये लांब पसरतो. मोठ्या रेणूंचं टॅनिन भोकाजवळच अडकतं, तेल तर पसरतच नाही.

जिवाणू कोणता घ्यायचा? दात किडण्याशी जोडलेला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केला. प्रमाणित वाण चंदीगडच्या इमटेक या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेच्या संग्रहातून कॉलेजला मागवता येतो. हे काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच करायचं. घरी लाळेतले जंतू वाढवू नका.

खरी गंमत आहे ती परीक्षानळीत, आणि त्यासाठी लागतो तो कोल्हापूरचा गूळ. दोन नळ्यांत ५-५ मिली पोषक द्रव घ्या. एकीत १ टक्का ग्लुकोज, दुसरीत १ टक्का गूळ विरघळवून गाळा आणि दोन्ही निर्जंतुक करा. म्युटन्स टाकून नळ्या तिरप्या ठेवा, ३७ अंशांना, ४८ तास. झाकणबंद बरणीत पेटती मेणबत्ती ठेवली की ती प्राणवायू कमी करून विझते. अशी बरणी या जिवाणूला मानवते. मग द्रव ओतून नळ्या पाण्याने हलकेच दोनदा खळखळा. ग्लुकोजची नळी बरीचशी स्वच्छ निघते. गुळाच्या नळीत मात्र काचेला पांढुरका, बुळबुळीत पापुद्रा चिकटून राहतो. ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट हा रंग १५ मिनिटं ठेवून धुतलं की तो जांभळा दिसतो. गुळात मुख्यतः सुक्रोज असतं, आणि सुक्रोजमधलं ग्लुकोज जोडून हा जिवाणू ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ विणतो. ग्लुकोज नुसतं दिलं तर त्याला हे विणता येत नाही.

आता अर्काची परीक्षा दोन प्रकारे घ्या. एकदा अर्क सुरुवातीपासूनच गुळाच्या नळीत घाला: थर बसतो का? दुसऱ्यांदा थर बसू द्या, मग एक मिनिटच अर्क घालून ओता आणि थर खरवडून, पातळ करून डिशमध्ये जिवंत किती ते मोजा. चहासारख्या टॅनिनयुक्त वनस्पती पहिल्या परीक्षेत चमकू शकतात, कारण त्यांतले घटक थर विणणाऱ्या विकरालाच (एन्झाइमला) अडवतात. बसलेल्या थरावर एका मिनिटात काही घडेलच असं नाही. रंगावरून हे ठरवता येत नाही, क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्यांनाही रंगवतं. टॅनिन स्वतःही काचेला डागतं, म्हणून जिवाणू न घातलेली अर्काची एक नळी सोबत हवीच.

क्लोरहेक्सिडीन एक मिनिटानंतर थांबवायला लेसिथिन आणि ट्वीन ८० हे त्याला निष्प्रभ करणारे पदार्थ घातलेला द्रव लागतो. नाहीतर ते डिशमध्येही काम करत राहतं आणि तुलना फसते.

ओव्याचंही बघा. त्यातलं थायमॉल हे जंतुनाशक बाजारातल्या काही माउथवॉशमध्येही असतं. पण ते पाण्यात फार थोडं विरघळतं आणि वाफेबरोबर उडतं. ओवा उघड्या पातेल्यात उकळला की घरभर वास सुटतो, म्हणजे जे पाण्यात हवं होतं ते हवेत गेलं. बाजारातल्या काही बाटल्यांत अल्कोहोल असतं त्यामागे हेही एक कारण. लवंगतेल मात्र पाण्यात मिसळत नाही, तळाला बसतं आणि न मिसळता घेतलं तर तोंडाच्या नाजूक त्वचेला भाजतं.

घरी वापरायचं असेल तर साधं आणि सुरक्षित: २५० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, म्हणजे साधारण एक टक्का. दात काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गुळण्या कराव्यात, पहिल्या दिवशी नको, रक्ताची गुठळी निघून जाते. काढा केला तर त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्यात जिवाणू वाढू लागतात, फ्रिजमध्येही फार काळ टिकत नाही. यातलं काहीही फ्लोराइडची किंवा ब्रशची जागा घेत नाही. मिसरी हा या यादीत बसणारा नैसर्गिक पर्याय अजिबात नाही, ती भाजलेली तंबाखू आहे. मिसरी लावणाऱ्या आई-आजीच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दंतवैद्याला दाखवा. सहा वर्षांखालच्या मुलांना कुठलाच माउथवॉश देऊ नका, ती गिळतात.

वर्गमित्रांवर प्रयोग करू नका. माणसांवर चाचणी घ्यायची तर आचारसमितीची परवानगी आणि भारतीय चाचणी नोंदणीत नाव लागतं. प्रयोग झाल्यावर डिश उघडू नका, चिकटपट्टीने बंद करून कुकरमध्ये १५ पौंड दाबावर अर्धा तास ठेवा आणि मगच टाका.